वेबिनार

वेबिनार : इंटरनेटवरून ठरलेल्या वेळी भरणारे व्याख्यान, परिसंवाद किंवा प्रशिक्षणवर्ग. वक्त्याचा आवाज, चित्र आणि सादरीकरण दूरदूरच्या श्रोत्यांपर्यंत त्याच वेळी पोचते आणि श्रोत्यांना तिथल्या तिथे प्रश्न विचारता येतो. ही दुसरी सोय नसेल तर ते नुसते प्रक्षेपण. वेबिनार म्हणून जाहीर होणारे बरेच कार्यक्रम या कसोटीवर नापास होतात.

ऑनलाइन बैठकीत सगळेच बोलू शकतात. वेबिनारमध्ये यजमान, वक्ते आणि श्रोते यांचे अधिकार वेगळे असतात. श्रोत्यांचे माइक आणि कॅमेरे सहसा बंद ठेवतात. हात वर केल्याची खूण, चॅट, प्रश्नांची वेगळी चौकट आणि झटपट मतदान हीच त्यांची साधने. संभाषण सहज चालायचे तर आवाज पोचायला 150 मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये आणि 400 ही कमाल मर्यादा मानावी, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. यूट्यूबसारख्या माध्यमावरचे थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे असते. त्यामुळे ‘काही शंका?’ असे विचारून वक्ता पुढच्या स्लाइडवर जातो, तेव्हा प्रश्न अजून टाइप होत असतो. गूगलने 2011 मध्ये खुले केलेले आणि 2021 मध्ये अधिकृत मानक ठरलेले वेबआरटीसी हे तंत्र हा विलंब अगदी कमी ठेवते आणि त्यासाठी ब्राउझर पुरतो.

पडदा सामायिक करून दूरच्या सहकाऱ्याशी बोलण्याचे प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दाखवले होते. बाजारात हे तंत्र 1990 नंतर आले : वेबेक्स (1995), मायक्रोसॉफ्टचे नेटमीटिंग (1996), पुढे गोटूवेबिनार (2006). वेबेक्समध्ये काम केलेल्या एरिक युआन यांनी 2011 मध्ये झूमची कंपनी काढली.

भारतात या कल्पनेची वाट उपग्रहामार्गे आली. 1975–76 च्या ‘साइट’ प्रयोगात सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली, पण गावकऱ्यांना उलट बोलता येत नव्हते. 1995 पासून इस्रोच्या प्रशिक्षण वाहिनीवर चित्र एकाच दिशेने जाई, आवाज मात्र दोन्हीकडून. म्हणजे प्रशिक्षणार्थी तज्ज्ञाला प्रश्न विचारू शकत. 20 सप्टेंबर 2004 रोजी खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडण्यात आला.

प्रशिक्षणाचा सर्वांत विचारपूर्वक बांधलेला भारतीय नमुना मुंबईच्या आयआयटीत घडला. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी कार्यशाळा सुरू झाल्या. आधी एका वेळी हजार, पुढे दहा हजार अध्यापकांचे उद्दिष्ट होते. अध्यापक घरी बसून ऐकत नसत. जवळच्या महाविद्यालयातील केंद्रावर ते एकत्र जमत. पवईहून व्याख्यान येई ते अमृता विद्यापीठाने तयार केलेल्या ‘ए-व्ह्यू’ या प्रणालीवरून. एखाद्या केंद्राने हात वर केला आणि मुख्य केंद्राने परवानगी दिली की तिथला कॅमेरा सर्वांसमोर उघडे आणि प्रश्न साऱ्या देशाला ऐकू जाई. प्रयोगशाळेचे काम मात्र जागेवरच, स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली. या समन्वयकांना आधी पवईत बोलावून तयार केलेले असे. दुरून काय शिकवायचे आणि शेजारी उभे राहून काय, याची ही वाटणी आजच्या बहुतेक वेबिनारांत सापडत नाही.

मार्च 2020 मधील टाळेबंदीने वेबिनार घरोघर नेले. झूमवर बैठकांत रोज सहभागी होणाऱ्यांची नोंद डिसेंबर 2019 मधील एक कोटीवरून एप्रिल 2020 मध्ये 30 कोटींवर गेली (एकच माणूस दिवसात पाच बैठकांना बसला तर तो पाचदा मोजला जाई). त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमच्या सुरक्षिततेबद्दल सावध केले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तर वेबिनारांची रीघ लागली. पहिली दहा मिनिटे ‘सर, आवाज येत नाही’, ‘सर, तुम्ही म्यूट आहात’, मग लांबलचक परिचय, आणि शेवटी चॅटमध्ये एकच मागणी : फीडबॅक फॉर्मची लिंक टाका. फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र ईमेलवर हजर. काहींनी दिवसाला दोन-दोन प्रमाणपत्रे गोळा केली. विषय आठवत असेलच असे नाही.

जानेवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने सरकारी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांसाठी पूर्वपरवानगीची अट घातली. सुरक्षा आणि देशांतर्गत बाबींशी निगडित विषयांवर त्यात बंधने होती. वैज्ञानिकांच्या संघटनांनी विरोध केल्यावर फेब्रुवारीत ती मागे घेण्यात आली.

परदेशातील मराठी श्रोत्यांसाठी वेळ हाच मोठा पेच असतो : भारतात रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे अकरा असतात, कॅलिफोर्नियात आठ. म्हणून अनेक जण ध्वनिचित्रमुद्रणावर भागवतात. त्यांना प्रश्न विचारता येत नाही. जाणते आयोजक नोंदणीबरोबरच प्रश्न मागवून घेतात, निवेदकाकडे ते आधी सोपवतात आणि वेळेअभावी राहिलेल्यांची उत्तरे नंतर लेखी पाठवतात.