नाण्याची साक्ष

जुन्या घरांत फडताळाच्या कोपऱ्यांत किंवा देव्हाऱ्यांतील डबींत एखादें प्राचीन नाणें पुष्कळदां निघतें. तें हातीं येतांच पहिला प्रश्न उठतो, ‘याचे किती येतील?’ दुसरा प्रश्न, ‘हें खरें कीं बनावट?’ तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं: ‘हें कोठें व कशासोबत सांपडलें?’ वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचें सर्वांत भक्कम उत्तर या तिसऱ्यांतच दडलेलें असतें.

नाशिक जिल्ह्यांत दारणा व गोदावरी यांच्या संगमापाशीं जोगळटेंभी नांवाचें गांव आहे. तेथें १९०६ सालीं चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा एक निधी सांपडला. तीं नाणीं क्षहरात वंशांतील क्षत्रप नहपान याचीं होतीं. एका बाजूस राजाचें मस्तक व ग्रीक अक्षरें. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत राजाचें नांव. यांपैकीं ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आढळला. नहपानाच्या मुखावर सातवाहनांचा तीन कमानींचा चैत्य उमटला होता.

या ठशाचें महत्त्व मोठें आहे. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश निःशेष केला, असें तींत ती माउली सांगते. आईनें मुलाचें कौतुक करावें यांत नवल नाहीं. म्हणून केवळ तेवढ्यावर इतिहासकार विसंबत नाहीं. परंतु जित राजाच्या चलनावर विजेत्याचा ठसा हजारोंच्या संख्येनें उमटलेला दिसला, तेव्हां मातेच्या शब्दाला स्वतंत्र साक्षीदार मिळाला.

आतां विचार करा, या साक्षीदारांत खोटा साक्षीदार मिसळला तर? असें बनावट नाणें ओळखण्याच्या रीती आहेत. नहपानाचीं नाणीं चकतीवर ठसा ठेवून हातोड्याच्या घावानें पाडलेलीं आहेत. घावानें धातु दबतो, पसरतो आणि अक्षरांच्या कडा धारदार उठतात. बनावट नाणें बहुधा साच्यांत ओतलेलें असतें. भिंगाखालीं पाहिल्यास त्याच्या पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांचीं बारीक छिद्रें दिसतात, अक्षरें बुळबुळीत वाटतात, आणि कडेला साच्याचे दोन भाग जेथें जुळले तेथील रेघ घांसून पुसण्याचा प्रयत्न केलेला आढळतो. तथापि हा नियम डोळे मिटून लावतां येत नाहीं. प्राचीन भारतांत तांब्याचीं कांहीं नाणीं ओतूनच करीत असत.

दुसरी कसोटी वजनाची. नहपानाचें नाणें सुमारें दोन ग्रॅम भरतें. वजन जुळलें तरी धातु जुळला पाहिजे. शुद्ध चांदी पाण्याच्या सुमारें साडेदहा पट जड, तर कथील सवासात पटींच्या आसपास. म्हणून हवेंत व पाण्यांत तोलून भेसळीचा सुगावा लागतो. तिसरी कसोटी तुलनेची. हातानें पाडलेल्या नाण्यांत प्रत्येक घाव निराळा पडतो. ठसा कोठें सरकतो, कोठें अर्धाच उमटतो. दोन नाण्यांवर तोच ओरखडा, तीच खोंक आणि तीच तुटकी कड दिसली, तर दोन्हीं एकाच साच्याचीं भावंडें आहेत असें समजावें.

परंतु या कसोट्या जाणणारा मनुष्यच लबाडी करूं लागला तर काय होतें, हें पाहण्यास युरोपांत जावें लागेल. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) हा जर्मन गृहस्थ ठसे कोरण्यांत निष्णात होता. ग्रीक व रोमन नाण्यांचे शेंकडों ठसे त्यानें स्वतः कोरले. तो ओतीत नसे, ठोकीत असे; आणि पुष्कळदां खऱ्या पण झिजलेल्या प्राचीन नाण्यांवरच ठोकीत असे. अर्थात् धातु प्राचीन, घावहि खरा! नवेपणाची चकाकी जावी म्हणून तो तीं नाणीं लोखंडाच्या किसासह एका पेटींत घालून, ती पेटी घोडागाडीला बांधून फिरवून आणीत असे. अखेर त्याचें कपट उघडें पडलें. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहांत असून तेच त्याच्या नाण्यांविरुद्ध पुरावा देतात.

असा कुशल बेकर एक नाणें रचूं शकतो, शंभर रचूं शकतो. पण जोगळटेंभीचा निधी त्याला रचतां आला नसता. असंख्य निरनिराळ्या ठशांनीं पाडलेलीं, कमीअधिक झिजलेलीं, कांहीं पुन्हां ठोकलेलीं तर कांहीं तशींच राहिलेलीं हजारों नाणीं एकमेकांची साक्ष देतात. त्यांतील एक उचलून बाजारांत नेलें, कीं तें अनाथ होतें. मग त्याला आपला खरेपणा भिंगानें व तराजूनें सिद्ध करावा लागतो.

म्हणून, श्रोतेहो, जमिनींत नाण्यांचा सांठा आढळला तर तो वांटून घेऊं नका, आटवूं नका, चिंच किंवा राखेनें घांसूं नका. त्यावरील पुटांतहि पुरावा असतो. ज्या मडक्यांत सांपडला त्या मडक्याचे तुकडेहि टाकूं नका. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें हें कर्तव्यच आहे. आणि विकत घेण्याचा मोह झाला, तर विक्रेत्याला आधीं नाण्याचें गांव विचारा. उत्तर मिळालें नाहीं, तर नाणें कितीहि देखणें असो, हात आवरावा.

बनावट नाण्यानें फसलेल्या गृहस्थाचे पैसे जातात. तें नुकसान एका घराचें. पण तेंच नाणें खरें समजून कोणी त्यावर एखाद्या राजाचा काळ किंवा राज्याची सीमा ठरविली, तर खोटी साक्ष सर्वांच्या इतिहासांत शिरते, आणि ती बाहेर काढण्यास पिढ्या लागतात.