पेणचा गणपती-व्यवसाय

रायगड जिल्ह्यातील पेण शहरात आणि तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे आदी गावांत चालणारा गणेशमूर्ती घडवण्याचा व्यवसाय. उत्सव भाद्रपदात असला, तरी येथील कारखाने (मूर्तिशाळेला येथे कारखानाच म्हणतात) जवळजवळ वर्षभर चालू असतात. 1893पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, पुढे मुंबई-पुण्याची मागणी वाढत गेली. पेण मुंबई-गोवा रस्त्यावर असल्याचाही फायदा झाला. परदेशी जाणाऱ्या मूर्ती पावसाळ्याच्या कितीतरी आधी बोटीने रवाना होतात. अनेक मूर्ती कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, इतर गावांच्या कारखानदारांकडे जातात.

साच्यातून निघालेल्या मूर्तीला सुटे भाग जोडतात, सांधे बुजवतात, पॉलिश पेपरने अंग घासून घेतात. मग पांढऱ्या रंगाचा हात, अंगाचा रंग, पीतांबर, दागिने आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. बारीक कुंचल्याने पापणीची कड, भुवई आणि बुबुळ रेखताना रेघ केसभर सरकली, तरी मूर्तीची नजर बदलते. त्यामुळे आखणीचा कारागीर कारखान्यात मानाचा. साचे कोणालाही विकत घेता येतात. पेणचा लौकिक टिकला आहे तो मुख्यतः या हातांवर.

एका भातपिकावर वर्ष काढणाऱ्या घरांना या कलेने गावातच रोजगार दिला. घासकामात आणि रंगकामात स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. मात्र माती, रंग, मजुरी यांचा खर्च वर्षभर होत राहतो आणि पैसा हाती येतो तो हंगामात. कर्जाशिवाय कारखाना चालवणे लहान कारागिराला अवघडच.

मूर्ती शाडू मातीच्या किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या असतात. शाडू माती गुजरातेतून येते. ती सावकाश वाळते आणि तिची मूर्ती वजनदार व नाजूक असते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस झटपट घट्ट होते, मूर्ती हलकी व स्वस्त पडते, पण पाण्यात सहजी विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 साली प्लॅस्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली. नैसर्गिक जलाशयांतील विसर्जनावर मात्र बंधन ठेवले. नद्या आणि खाड्या जपण्याचा आग्रह रास्तच आहे. पण शाडूच्या मूर्तीमागचे वाढीव श्रम गिऱ्हाइकाने किमतीत मोजले नाहीत, तर त्याचा सगळा भार कारागिरावरच पडतो.