46 अंश, चौथा नंबर आणि 39 गावं

उन्हाळा लागला की आपल्या चंद्रपूरच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला. "आज 46! जानेवारीत 23 होतं, म्हणजे दुप्पट गरम!" मीही असं बोललोय. आकडा दिसला की आपण गुणाकार-भागाकार सुरू करतो. पण प्रत्येक आकड्याला तो चालत नाही.

1946 साली स्टॅनली स्टीव्हन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मोजमापाचे चार प्रकार सांगितले: नुसतं नाव, क्रम, सारखं अंतर आणि खरं शून्य.

ताडोबातल्या वाघाचा नंबर म्हणजे नुसतं नाव. टी-12 हा टी-6 च्या दुप्पट वाघ नाही. तापमानात अंतर सारखं, पण शून्य अंशाला उष्णता संपत नाही, पाणी गोठतं. म्हणून 46 हे 23 च्या दुप्पट गरम नव्हे.

आता क्रम. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने 88 औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. अंकलेश्वर पहिलं, 88.50. आपण चौथे, 83.88. 2010 मध्ये अशा भागांत नव्या उद्योगांच्या मंजुऱ्या थांबवल्या. तेव्हापासून आपण "कितवे?" एवढंच विचारतो. उद्या दुसरी शहरं जास्त बिघडली आणि आपण दहावे झालो, तर इथली धूळ कमी झाली का? क्रम ते सांगतच नाही.

चौथा प्रकार गडचिरोलीने दाखवला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला. 39 गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात बाळं दगावत होती. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, घरीच उपचार सुरू झाले. काही वर्षांत आकडा 26 च्या आसपास आला. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथे तो 60 च्या जवळच राहिला. 1999 साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. इथे शून्य म्हणजे खरंच एकही मृत्यू नाही. म्हणून "निम्म्याहून कमी झाले" हे वाक्य इथे खरं ठरतं.

पुढाऱ्याने "आपला जिल्हा अमुक नंबरवर आला" सांगितलं, की टाळ्या वाजवायच्या आधी विचारा: साहेब, मोजलं काय? आणि आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन बघा, यंदा किती बाळं जन्मली, किती गेली. ती नोंद नीट ठेवली आहे का, हे कमेंटमध्ये सांगा.