चषकासाठी दोनशे वर्षे

प्राग शहराच्या जुन्या चौकात टीन चर्चचे दोन काळेभोर मनोरे उभे आहेत. त्यांच्या मधोमध दर्शनी भिंतीवर आज मरियामातेची सोनेरी मूर्ती दिसते. १६२० च्या दशकापर्यंत मात्र तिथे बोहेमियाचा राजा यिर्झी पोडेब्राड याचा पुतळा होता आणि त्याच्याजवळ एक भलामोठा सोनेरी चषक. विजेत्यांनी तो चषक उतरवला. त्याचेच सोने वितळवून मरियेच्या प्रभावळीसाठी वापरले, असे प्रागमध्ये सांगतात.

द्राक्षारसाच्या एका प्याल्याची विजेत्यांना एवढी भीती का वाटावी?

ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी ख्रिस्तप्रसाद आहे. अटकेच्याच रात्री येशूने शिष्यांसोबत शेवटचे भोजन केले, भाकर मोडून त्यांना दिली, द्राक्षारसाचा प्याला त्यांच्यापुढे केला आणि हे माझे शरीर व माझे रक्त आहे असे सांगितले, ही त्यामागची श्रद्धा. मध्ययुगीन माणसासाठी हे केवळ स्मरण नव्हते. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्वतः ख्रिस्ताच्या शरीर-रक्तात रूपांतर होते, हा सिद्धान्त अधिकृत शब्दांत मांडला. प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, हा प्रसाद घ्यावा असा दंडकही तिथेच घातला गेला.

श्रद्धा गडद होत गेली तसे भयही वाढले. थरथरत्या हातातून थेंब सांडला तर? दाढीला लागला तर? बाराव्या-तेराव्या शतकांत पश्चिम युरोपातील चर्चने प्रापंचिकांच्या ओठांपासून प्याला हळूहळू दूर नेला. भाकर सर्वांना, द्राक्षारस फक्त मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला. संपूर्ण ख्रिस्त दोन्ही रूपांत असतो, म्हणून नुसती भाकर घेणाऱ्याचेही काही उणे होत नाही, असे धर्मपंडितांचे उत्तर होते. तर्क म्हणून ते निर्दोष होते. पण जेवणाच्या पंक्तीत वाढपी काहींच्या पानात एक पदार्थ वाढतो आणि इतरांच्या पानात वाढत नाही, तेव्हा दोन्ही पानांचे पोषणमूल्य सारखेच आहे हे सांगून कोणाचे समाधान होत नाही. मराठीत याला नेमका शब्द आहे : पंक्तिभेद.

बोहेमियात या अस्वस्थतेला आधीच एक वळण लागले होते. १३७२ च्या सुमारास मिलीच या उपदेशकाने प्रागमध्ये वेश्याव्यवसाय सोडून आलेल्या स्त्रियांसाठी ‘जेरुसलेम’ नावाचा आश्रम काढला. त्या स्त्रिया वारंवार ख्रिस्तप्रसाद घेत, हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. वर्षातून एकदा पुरे मानणाऱ्या जगात हे औद्धत्यच. मिलीचच्या प्रभावातून आलेल्या मात्यास यानोवने तर सामान्य माणसाने वारंवार, शक्यतो रोज प्रसाद घ्यावा, असा ग्रंथांतून आग्रह धरला.

१४१४ च्या शरद ऋतूत याकौबेक या विद्यापीठीय पंडिताने पुढचे पाऊल टाकले. प्रागच्या काही चर्चमध्ये प्रापंचिकांना पुन्हा प्याला मिळू लागला. त्याचा आधार साधा होता : येशूने सर्वांना प्या म्हटले, ज्याने ते रक्त प्यायले नाही त्याच्यात जीवन नाही, असेही योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे. ख्रिस्ताच्या आज्ञेपुढे चर्चची प्रथा किती वजनाची? खरा प्रश्न हाच होता, आणि समोरच्यांनीही तो बरोबर ओळखला.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चषकाची चळवळ यान हुसच्या नावाने ओळखली जाते. पण ती त्याने सुरू केली नाही. त्या सुमारास तो राजा सिगिस्मुंडच्या अभयाच्या आश्वासनावर कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेकडे निघाला होता आणि लवकरच तिथे कैदेत पडला. १५ जून १४१५ रोजी परिषदेने प्रापंचिकांना चषक देण्यास मनाई केली. तेव्हा मृत्यूच्या छायेत असलेल्या हुसने तुरुंगातून बेथलेहेम चॅपेलच्या उपदेशकाला पत्र लिहिले : चषकाला विरोध करू नका. ६ जुलै रोजी त्याला जिवंत जाळले आणि राख ऱ्हाईन नदीत टाकली. बोहेमिया-मोरावियाच्या ४५२ सरदारांनी आपापल्या मोहरा लावून निषेधपत्र पाठवले. मनाईचा ठराव आणि चिता यांत तीन आठवड्यांचे अंतर होते; लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी कायमच्या एक झाल्या.

३० जुलै १४१९ रोजी यान झेलिव्स्की हा धर्मगुरू हाती ख्रिस्तप्रसाद घेऊन मिरवणुकीने प्रागच्या नव्या नगरसभागृहावर गेला. कैद्यांच्या सुटकेची मागणी धुडकावणाऱ्या नगरसेवकांना जमावाने खिडकीतून खाली फेकले. पुढच्या वर्षी पोपने क्रूसयुद्ध पुकारले. मुक्त उपदेश, सर्वांना चषक, धर्मगुरूंच्या ऐहिक सत्तेचा अंत आणि उघड पापांना शासन, या चार कलमांवर सारे हुसपंथी एकत्र आले. एकाक्ष, पुढे पूर्ण आंधळा झालेला सेनापती यान झिझ्का याने शेतकऱ्यांच्या गाड्यांचे चालते किल्ले बनवले. मळणीच्या दांडक्यांनी चिलखती सरदार लोळवले. निशाणावर चषक. झिझ्काने आपल्या किल्ल्याचे नावच ‘कालिख’, म्हणजे चषक, ठेवले. १४३१ मध्ये दोमाझ्लित्से येथे तर येणाऱ्या हुसपंथीयांची चाहूल लागताच क्रूससेना पळत सुटली.

ही कथा निष्कलंक मात्र नाही. चषकाला सर्वस्व मानणाऱ्यांतच काही जण पुढे गेले. भाकर ही भाकरच राहते, असे मार्टिन हुस्का म्हणू लागला. १४२१ मध्ये त्यालाही जाळण्यात आले, आणि तेही हुसपंथीयांच्याच हातून. झिझ्कानेही अशा अनेकांना आगीत लोटले. ज्या प्याल्यासाठी लढायचे तो केवळ प्रतीक आहे, हे लढणाऱ्यांना ऐकवत नव्हते.

रणांगणावर न हरलेल्या लोकांशी अखेर बोलावेच लागले. १४३३ मध्ये त्यांचे प्रतिनिधी बाझेलच्या परिषदेत मानाने बसले. पण तडजोडीला तयार नसलेल्या ताबोरपंथीयांचा पराभव पुढच्याच वर्षी लिपानी येथे झाला, तो कॅथलिकांशी हातमिळवणी केलेल्या मवाळ हुसपंथीयांकडून. ५ जुलै १४३६ रोजी यिह्लावा येथे करार जाहीर झाला : ज्याला हवा त्या प्रौढाला चषक मिळेल, मात्र संपूर्ण ख्रिस्त दोन्ही रूपांत आहे हेही धर्मगुरूने सांगावे. कोणीच आपले म्हणणे सोडले नाही, तरी एका राज्यात दोन रीती नांदू लागल्या. १४६२ मध्ये पोप पायस दुसरा याने करार रद्द केला. बोहेमियाने ते मानले नाही. उलट १४८५ मध्ये कुत्ना होरा येथे दोन्ही पक्षांना समान मान्यता देणारा तह झाला. मार्टिन ल्यूथर तेव्हा दीड वर्षाचे बाळ होता.

शेवट ८ नोव्हेंबर १६२० रोजी पांढऱ्या टेकडीच्या लढाईत आला. २१ जून १६२१ रोजी त्या जुन्या चौकात २७ बंडखोर नेत्यांना देहदंड दिला गेला. मग चर्चमधून प्याला गेला, आणि टीनच्या भिंतीवरूनही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये ठरावीक प्रसंगी प्रापंचिकांना दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा दिली. डिसेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हुसच्या क्रूर मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. झेक प्रदेशातील अनेक प्रोटेस्टंट चर्चवर आज क्रूसाऐवजी चषक दिसतो.