शहापूर व मुरबाड तालुक्यांतील मनोविकारविषयक बालशिक्षणाचीं साधनें

(१) मुलांस मनाच्या आरोग्याचें व मनाच्या विकारांचें ज्ञान शाळेंतून द्यावें, हा विचार अगदीं अलीकडचा समजला जातो. सरकारी योजनांपुरतें पाहिल्यास तें खरेंहि आहे. परंतु ठाणे जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या डोंगरी तालुक्यांतील मूल या विषयांत कोरें असें कधींच नव्हतें. वेड म्हणजे काय, तें कोणास लागतें, कशानें उतरतें आणि वेड लागलेल्या माणसाशीं कसें वागावें, हें त्यास घरच्या बोलण्यांतून, भगताच्या अंगणांतून व पुढें ठाण्याच्या नांवावरून शिकविलें जातच होतें. या जुन्या शिकवणीचीं साधनें कोणतीं आणि नव्या शिकवणीस त्यांचा उपयोग काय, एवढेंच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) पहिलें साधन भाषा. 'पिसें' हा शब्द संस्कृत 'पिशाच' या शब्दापासून प्राकृताच्या द्वारें मराठींत उतरला आहे. अर्थात् एखाद्यास पिसा म्हणणें म्हणजे त्यास पिशाचानें घेरलें आहे असें म्हणणें होय. पुढें हा मूळ अर्थ बोलणाराच्या मनांतून गेला, शब्द मात्र राहिला. 'लागीर', 'पछाडणें', 'झपाटणें', 'बाहेरची बाधा' या शब्दांचा कर्ता असाच रोग्याच्या बाहेरचा आहे. उलट 'वेडा', 'खुळा' हे शब्द थेट माणसावर शिक्का मारतात. तिसरा प्रवाह भक्तीचा. ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंस गांवचे लोक वेडे समजत आणि महानुभाव त्यांस ईश्वरावतार मानीत. तेराव्या शतकांत म्हाइंभटानें संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रांत या दोनहि समजुती शेजारीं शेजारीं नांदतात. म्हणजे मराठी बोलणारें मूल वेडास भिण्यास, हंसण्यास व क्वचित् नमस्कार करण्यास एकाच भाषेंतून शिकत असे. या तिन्ही धड्यांत 'रोग' ही कल्पना मात्र नाहीं.

(३) ती कल्पना वैद्यांच्या बाडांत होती. चरकानें उन्मादाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांतील चार दोषजन्य व एक आगंतुक, म्हणजे भूतादिकांमुळें होणारा, मानला आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या निदानस्थानांत, देव, गंधर्व वा पिशाच हे निर्दोष माणसास क्लेश देत नाहींत, मूळ कारण त्याचा स्वतःचाच प्रज्ञापराध होय, असेंहि स्पष्ट म्हटलें आहे. माधवनिदानांतहि उन्माद व अपस्मार यांचीं स्वतंत्र प्रकरणें आहेत. मात्र हें ज्ञान संस्कृतांत होतें, व तें वैद्यांच्या घराण्यांतून चाले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व कुणबी यांच्या वाड्यांतील मुलांपर्यंत तें पोंचण्यास मार्ग नव्हता. शिवाय प्रज्ञापराधाच्या सिद्धांतानें भूत मागें सरलें तरी दोष पुन्हा रोग्याच्याच माथीं आला, हें विसरून चालणार नाहीं.

(४) आतां या लेखांतील मुख्य साधनाकडे वळूं. इ. स. १९१५ मध्यें मुंबईस आर. ई. एन्थोवेन यांनीं कोंकणच्या लोकसमजुतींचा एक संग्रह इंग्रजींत प्रसिद्ध केला. त्यांतील मूळ सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनीं जमविलेली होती. ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें जॅक्सन मरण पावले व तें काम एन्थोवेन यांजकडे आलें. संग्राहकांनीं लक्ष्य द्यावें अशी गोष्ट ही कीं, या ग्रंथांतील माहिती मुख्यत्वें गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं एका प्रश्नावलीस दिलेल्या उत्तरांवरून घेतली आहे. ठाणे जिल्ह्यांतील मास्तरांचा तींत मोठा वांटा असून शहापूर-मुरबाड भागांतील शिक्षकहि त्यांत आहेत.

या मास्तरांनीं मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, वीर, जखीण, हडळ अशा भुतांची जणू वर्णवार यादीच दिली आहे. मुंज होऊन लग्नापूर्वीं मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. बाळंतपणांत मेलेली स्त्री भूत होऊन परत येते. झाड म्हणजे बाधा झालेला माणूस, तो घुमतो, एकटाच बोलतो, अन्न टाकतो. मग भगत येतो, अंगारा लावतो, ताईत बांधतो. ज्या लक्षणांस आज वैद्य मनोविकारांत गणतील, त्यांतील कित्येकांची या दोन तालुक्यांपुरती लेखनिविष्ट झालेली ही जुनी नोंद आहे, आणि ती करणारा माणूस सरकारी डॉक्टर नव्हे, तर मुलांस धुळाक्षरें शिकविणारा पंतोजी आहे.

भगताच्या या धड्याचें मूल्यमापन करतांना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. घुमणाऱ्या माणसाचा स्वतःचा अपराध नाहीं, तें जें बोलतें तें 'दुसरेंच कोणी' आहे, ही समजूत रोग्यास घरांत व गांवांत ठेवी; उपचार अंगणांत सर्वांदेखत होत व मुलें ते पाहत. हा तिचा गुण. परंतु दोष बाहेर टाकावयाचा म्हणजे तो कोणावर तरी टाकावा लागतो. आणि तो बहुधा एखाद्या निराधार विधवेवर, तिला भुताळी ठरवून, टाकला जाई. शिवाय मार, दोरखंड व तिखटाची धुरी हे उपाय रोग्याच्याच अंगावर होत. महाराष्ट्रांत २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें भूत उतरविण्याच्या नांवाखालीं असा छळ करणें हा गुन्हा ठरविला आहे.

(५) दुसरा धडा ठाण्याचा. इ. स. १८५८ च्या ३६ व्या कायद्यानें वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था लावली. त्या कायद्यानें व पुढें १९१२ च्या ४ थ्या कायद्यानें जन्मतः मतिमंद व मागाहून मन बिघडलेला या दोघांसहि एकाच शब्दांत बसविलें. ठाणें येथें नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवाचें इस्पितळ १९०१ साली स्थापन झालें. १९२० च्या सुमारास हिंदुस्थानांत अशा संस्थांस 'मनोरुग्णालय' या अर्थाचें नांव मिळालें. लोकांच्या तोंडीं मात्र जुनेंच नांव राहिलें. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणें सुमारें चाळीस हजार लोकसंख्येमागें एक खाट, एवढीच देशांत सोय होती. तेव्हां शहापूर-मुरबाडच्या बहुतेक रोग्यांस ठाण्याचा उपयोग नांवापुरताच झाला असला पाहिजे. परंतु नांवाचा उपयोग मुलांनीं पुरेपूर केला: 'याला ठाण्यास पाठवा' ही थट्टा मुंबई-ठाण्याकडील शाळकरी मुलांच्या पिढ्यांनीं एकमेकांस ऐकविली आहे. भगताच्या धड्यांत रोगी गांवांत होता. या धड्यांत तो भिंतीपलीकडे गेला, आणि मागें राहिला तो केवळ हंसा.

(६) तिसरा धडा हल्लींचा. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ साली त्याची जिल्हावार योजना सुरू झाली. २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींच्या मानसिक आरोग्याचा समावेश झाला. २०१७ च्या कायद्यानें मनोविकार व मतिमांद्य हीं वेगळीं ठेवलीं, आणि लोकांत या विषयाची जाणीव उत्पन्न करून कलंक कमी करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. २०२० च्या शालेय आरोग्य योजनेंत प्रत्येक शाळेंतील दोन शिक्षकांनीं, एक पुरुष व एक स्त्री, ज्या अकरा विषयांचें शिक्षण द्यावयाचें आहे त्यांत भावनिक व मानसिक आरोग्य हा एक आहे. १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें सल्ला मिळण्याची सोय ऑक्टोबर २०२२ पासून झाली. मनोविकारांपैकीं जवळ जवळ निम्मे वयाच्या अठराव्या वर्षापूर्वींच सुरू होतात, असें अलीकडील संशोधनावरून दिसतें. तेव्हां शाळेची निवड योग्यच आहे.

म्हणजे शंभर वर्षांनंतर काम पुन्हा मास्तरांकडेच आलें. फरक इतकाच कीं, पूर्वीं त्यानें समजूत लिहून पाठवावयाची होती, आतां ती बदलावयाची आहे. या ठिकाणीं जुन्या नोंदींचा खरा उपयोग आहे. आश्रमशाळेंतील मूल 'आजीला लागीर झालें' असें म्हणालें, आणि शिक्षकानें 'भूत नसतें' एवढेंच सांगून त्यास गप्प केलें, तर तें मूल शाळेंत एक व घरीं एक बोलावयास शिकेल. आजी मात्र औषधावांचून राहील. झोंप उडणें, अन्न टाकणें, एकटें बोलणें, आठवडेच्या आठवडे उदास बसणें, हीं लक्षणें मुलास ठाऊक आहेत. त्यांचीं नांवें तेवढीं त्याला वेगळीं ठाऊक आहेत. शिक्षकानें त्या नांवांपासून आरंभ करावा, रोग्याचा दोष नाहीं ही जुनी समजूत राखावी, दोष शेजारणीचाहि नाहीं हें तींत घालावें, आणि वाट दवाखान्याकडे वळवावी. चरकाचा दोषविचार, भगताचा अंगारा व ठाण्याची थट्टा या तिहींतून जें निसटलें तें हेंच कीं, हा रोग आहे, रोगी आपला आहे व उपाय आहे.

(७) शेवटीं संग्राहकांस विनंति. जुन्या शाळांचीं शेरेबुकें, मास्तरांनीं प्रश्नावलीस दिलेल्या उत्तरांच्या नकला, वैद्यांचीं बाडें व भगतांच्या मंत्रांच्या वह्या हीं साधनें 'अंधश्रद्धेचा कचरा' म्हणून टाकूं नयेत. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कोणाच्या दप्तरांत असे कागद असल्यास त्यांचें स्थळ, काळ व लेखक यांसह टांचण करून ठेवावें. मात्र अशा कागदांत एखाद्या रोग्याचें किंवा भुताळी ठरविलेल्या स्त्रीचें नांव आल्यास तें छापूं नये. त्यांचीं नातवंडें त्याच गांवांत आहेत, आणि कदाचित् त्याच शाळेंत हा धडा शिकत आहेत.