घरची चूल आणि सोन्याचा वर्ख

एखाद्या राष्ट्राचा इतिहास पाहावयाचा झाल्यास त्याच्या रणांगणांकडे व राजसभांकडे प्रथम दृष्टि जाते, हें स्वाभाविकच आहे. परंतु त्याच राष्ट्रांतील सुखवस्तु माणूस पैसे मोजून घराबाहेर जेवावयास बसला म्हणजे कोणत्या पदार्थास मान देतो आणि कोणत्या पदार्थाची लाज बाळगतो, हें पाहिलें तरीहि पुष्कळ कळतें. इटलीतील आधुनिक उंची भोजनगृहांचा इतिहास आम्हांस याच दृष्टीनें महत्त्वाचा वाटतो. आज तेथील नामांकित मेजावर जागा मिळावी म्हणून देशोदेशींचे लोक धडपडतात. पण ज्या पदार्थांसाठीं ते इतक्या दूर येतात, त्यांतले कित्येक मूळचे घरच्या चुलीवरचे आहेत. चुलीपासून त्या मेजापर्यंतचा प्रवास कसा झाला, आणि त्यांत कोणाचें ऋण शिल्लक राहिलें, हें येथें थोडक्यांत पाहावयाचें आहे.

बाहेर जेवण्याचीं इटलींतील जुनीं ठिकाणें दोन. ‘ऑस्टेरिया’ म्हणजे मुख्यतः मद्य पिण्याची जागा. तेथें गिऱ्हाइकानें पुष्कळदां आपलीच शिदोरी सोडावी. ‘त्रात्तोरिया’ म्हणजे आपल्याकडील खाणावळीची बहीण. बहुधा एका कुटुंबानें चालविलेली व साधें, घरगुती अन्न वाढणारी. ‘रिस्तोरान्ते’ हें तिसरें नांव मात्र फ्रान्सकडून आलें, आणि नांवाबरोबर तेथील रीतहि आली. इ. स. १८६१ त इटलीचें राज्य एक झालें, तेव्हां वरिष्ठ वर्गाच्या मेजावर फ्रेंच पाककलेचाच अंमल होता. मेजवान्यांच्या याद्यासुद्धां फ्रेंचमध्यें लिहिल्या जात. राष्ट्र स्वतंत्र झालें, पण त्याची जीभ मांडलिकच राहिली.

त्याच काळीं शेतकऱ्याच्या ताटांत काय होतें? उत्तरेकडील गरीब शेतमजूर मक्याच्या पिठाच्या ‘पोलेंता’वरच गुजराण करी. त्या एकसुरी आहारामुळें पेलाग्रा नांवाचा रोग होऊन कातडी फाटे व शेवटीं बुद्धीस भ्रम होई, इ. स. १८८१ च्या मोजणींत असे रोगी एक लाखाहून अधिक आढळले. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारें १ कोटी ४० लाख माणसें देश सोडून गेलीं, तीं बहुतांशीं पोटासाठींच. इटालियन जेवण म्हणून जें आज जगभर गाजतें, त्याच्या मागें ही भूक उभी आहे, हें विसरून चालणार नाहीं.

गांवोगांवच्या चुली एका सूत्रांत ओंवण्याचें काम केलें, तें कोणा आचाऱ्यानें नव्हे, तर फ्लॉरेन्स येथें राहाणाऱ्या पेल्लेग्रीनो आर्तूझी नांवाच्या एका रेशमाच्या व्यापाऱ्यानें. त्याचा पाकशास्त्रावरील ग्रंथ कोणी प्रकाशक घेईना, म्हणून इ. स. १८९१ त, वयाच्या सत्तरीस, त्यानें तो पदरच्या खर्चानें छापला. पहिल्या आवृत्तींत ४७५ पाककृति होत्या; १९११ त तो वारला, तोंवर त्या ७९० झाल्या होत्या. या वाढीस वाचक गृहिणींच्या पत्रांचा मोठाच हातभार लागला. त्या आपापली रीत लिहून पाठवीत, आणि आर्तूझीच्या घरचीं सेवक माणसें, मरिएत्ता साबातीनी व फ्रान्चेस्को रुफिल्ली, ती करून पाहात. ज्या देशांत एकीकरणाच्या वेळीं प्रमाण इटालियन बोलणारे लोक शेंकडा दहांच्या वर नव्हते, त्या देशांतील स्वयंपाकघरांना या ग्रंथानें एक समान भाषा दिली. मृत्युपत्रांत आर्तूझीनें ग्रंथाचे हक्क त्या दोघां सेवकांस दिले. ऋण ओळखण्याचा हा प्रकार आम्हांस फार उदात्त वाटतो.

यानंतर एक विलक्षण बंड झालें. फ्यूचरिस्ट पंथाचा कवि मारिनेत्ती यानें १९३० च्या डिसेंबरांत पाककलेचा जाहीरनामा काढून ‘पास्ता’वर बहिष्कार पुकारला, त्या अन्नानें राष्ट्र सुस्त व निराश होतें, असें त्याचें म्हणणें. १९३१ च्या मार्चांत तुरीन येथें या पंथाचें भोजनगृहहि निघालें. ताटाकडे चित्राप्रमाणें पाहाण्याची त्याची कल्पना पुढें इतरांच्या हातीं फळास आली. पण घरच्या अन्नाचा तिरस्कार करून नवें राष्ट्रीय अन्न निर्माण करतां येत नाहीं, हें इटालियन माणसानें पास्ता खात राहूनच सिद्ध केलें.

खरें परिवर्तन घडविलें तें ग्वाल्तिएरो मार्केसी यानें. १९३० त मिलान येथें हॉटेल चालविणाऱ्या कुटुंबांत जन्मलेला हा पाकनिपुण फ्रान्समध्यें शिकला आणि १९७७ त त्यानें मिलानमध्येंच स्वतःचें भोजनगृह उघडलें. शिस्त त्यानें फ्रेंचांची घेतली. पण त्याचे सर्वांत गाजलेले पदार्थ घरच्या परंपरेंतूनच निघाले. मिलानचा पिढीजात केशरी भात त्यानें १९८१ त काळ्या कडेच्या ताटलींत पातळ पसरला आणि मध्यभागीं सोन्याचा एक चौकोनी वर्ख ठेवला. मिठाईवरचा वर्ख आपणांस परिचित आहे. पण रोजच्या भातावर तो ठेवणें ही केवळ शोभा नव्हे. हा भात कोणत्याहि परक्या पक्वान्नाच्या पंक्तीस बसूं शकतो, असेंच जणूं त्यास सांगावयाचें होतें. पुढच्या वर्षीं त्यानें ‘राव्हिओलो’, म्हणजे आपल्या करंजीसारखा सारण भरलेला पदार्थ, कड न मिटतां उघडाच वाढला. १९८५ त मिशेलिन या फ्रेंच प्रवासदर्शिकेनें त्याच्या भोजनगृहास तीन तारे दिले. इटलींत हा मान मिळविणारें तें पहिलेंच. आणि २००८ त त्याच मार्केसीनें ‘तुमचें गुणांकन आम्हांस नको’ असें त्या दर्शिकेस कळविलें. ज्या परक्या कसोटीवर हा देश इतकीं वर्षें स्वतःस घांसून पाहात आला, ती तिच्या पहिल्या मानकऱ्यानेंच दूर सारली.

पुढच्या पिढींत मास्सिमो बोत्तूरा यानें मोडेना येथें १९९५ त उघडलेल्या भोजनगृहास मुद्दामच ‘ऑस्टेरिया’ असें जुनें, साधें नांव दिलें. आजीच्या हातचे ‘तोर्तेल्लीनी’ जेथें वाडगाभर खावयाचे, तेथें यानें मोजून सहाच वाढले, आणि गांवकरी रागावले. तेंच भोजनगृह २०१६ व २०१८ या सालीं जगांतील उत्कृष्ट भोजनगृहांच्या एका प्रसिद्ध यादींत पहिलें आलें. परंतु त्या सहा तोर्तेल्लीनींहून आम्हांस त्याचीं दुसरीं दोन कामें मोठीं वाटतात. २०१२ च्या मे महिन्यांत त्या प्रांतास भूकंपाचे धक्के बसून पार्मेझान चीजचीं लाखों चाकें निकामी होण्याची वेळ आली, तेव्हां त्यानें तें चीज घालून भाताची एक सोपी कृति तयार केली व ती घरोघरीं करण्याचें लोकांस आवाहन केलें. २०१५ च्या मिलान येथील जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं त्यानें शहरांतील एका पडक्या नाट्यगृहांत भोजनशाळा उघडली. तेथें प्रदर्शनांतून उरलेल्या अन्नसामग्रीचे पदार्थ जगांतील नामवंत पाकनिपुणांनीं रांधले, आणि बेघर लोकांस तें अन्न मेजावर बसवून आदरानें वाढण्यांत आलें.

उंची भोजनगृहावर असा आक्षेप घेतला जातो, कीं तें गरिबाची पाककृति उचलून श्रीमंतास विकतें. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. पत्रें लिहिणाऱ्या त्या गृहिणींपैकीं बहुतेकींचीं नांवें कोणासच ठाऊक नाहींत. तथापि आपल्या चुलीची लाज बाळगणाऱ्या समाजास तिचा अभिमान शिकविणें हेंहि लहान काम नव्हे, आणि तें या भोजनगृहांनीं केलें आहे. मात्र आमच्या मतें त्यांची खरी परीक्षा भातावरच्या वर्खानें होणार नाहीं. आर्तूझीनें आपल्या सेवकांचे हक्क जसे लेखी मान्य केले, तसें आपलें ऋण मान्य करून तो भात पुन्हां सर्वांच्या पंक्तींत वाढण्याची बुद्धि त्यांस किती होते, यावरच ती व्हावयाची आहे.