तुटलेला कान आणि कारागिराची पारख

यंत्राच्या इतिहासात कारखानदाराचे नाव राहते, दुरुस्ती करणाऱ्याचे राहत नाही. ब्रिटिश मोटारसायकलींचा कार्बोरेटर पाहा. १९२७ साली बर्मिंगहॅमला अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स एकत्र येऊन ‘अमल’ झाली. पुढे बुलेटबरोबर हा कार्बोरेटर आपल्याकडेही आला.

त्याचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे. हा धातू ३८५ अंशांच्या सुमारास वितळतो, म्हणून साच्यात झटपट ओतता येतो. माल स्वस्त पडतो. पण हीच सोय दुरुस्तीला नडते. नट जादा आवळला की तोंड वाकते, नाही तर बोल्टाचा कान तुटतो. पितळेने झाळावे, तर त्याला ९०० अंशांच्या आसपास आच लागते. तोवर मूळ भागच वाहून जातो.

कारागिराने आगीचा हट्ट सोडला. वाकलेले तोंड काचेवर पॉलिश कागद ठेवून घासले. झिजलेल्या सरकत्या दट्ट्यावर पितळी कवच चढवून लेथवर माप साधले. कान मंद आचेच्या डाखाने सांधला.

मी पुष्कळ पगारपत्रके पाहिली. असा माणूस त्यांत ‘मदतनीस’ म्हणूनच दिसे. भाग ओतणाऱ्यापाशी साचा होता. वाचवणाऱ्यापाशी केवळ धातूची पारख. तिचे मोल ठरवताना आपण साच्याइतका तरी विचार करावा.